आपण जवळा खातो, पण जवळा काय खातो? पनवेलच्या खाडीतल्या चिखलाची गोष्ट

कांद्यावर परतलेला सुका जवळा आणि सोबत तांदळाची भाकरी. पनवेल-उरण पट्ट्यात हे जेवण कुणाला नवीन नाही. एका मुठीत शेकडो जवळे मावतात, त्यामुळे एकट्या जवळ्याकडे कुणी निरखून बघत नाही. पण कधीतरी ओला, ताजा जवळा तळहातावर घेऊन बघा. अंग काचेसारखं आरपार, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आणि अंगातून शेपटीकडे गेलेली एक बारीक गडद रेघ. ती रेघ म्हणजे त्याचं आतडं. त्यात जे काही दिसतंय ते त्याचं शेवटचं जेवण.

आधी एक गैरसमज दूर करू. जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू नाही. ती वेगळी जात आहे, शास्त्रीय नाव असेटस इंडिकस. पूर्ण वाढलेला जवळाही जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा होतो. बाजारात येणारा बराचसा जवळा खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर समुद्रात, डोल जाळ्यात मिळतो. भरती-ओहोटीच्या ओढीत हे जाळं तोंड उघडं ठेवून बांधलेलं असतं. पाणी त्यातून वाहत जातं आणि जवळा आत अडकतो. बऱ्याचदा त्याच जाळ्यात बोंबीलही असतात, कारण बोंबील जवळ्यावरच ताव मारतो.

म्हणजे आपण बोंबील खातो, बोंबील जवळा खातो. मग जवळा काय खातो? आणि जवळा ज्याला खातो, तो काय खातो? असं विचारत खाली खाली गेलं की गाडी एका अनपेक्षित जागी येऊन थांबते. हार्बर लाइनची लोकल खारघर आणि मानसरोवर स्थानकांच्या मधे खाडीचा फाटा ओलांडते, तेव्हा ओहोटीच्या वेळी खिडकीतून जो करडा चिखल दिसतो, ती ही जागा.

प्लवक म्हणजे नक्की कोण?

समुद्रात जे जीव प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाहीत, पाणी नेईल तिकडे जातात, त्या सगळ्यांना मिळून प्लँक्टन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा, वाहवत जाणारा. मराठीत त्याला प्लवक म्हणतात.

यात दोन मोठे गट आहेत. वनस्पती-प्लवक उन्हावर स्वतःचं अन्न तयार करतात. प्राणी-प्लवक त्यांना खातात किंवा एकमेकांना खातात. गंमत म्हणजे मोठेपणी अजिबात प्लवक नसलेले कितीतरी जीव लहानपणी प्लवक असतात. चिंबोरी, कालव, कोळंबी, बहुतेक मासे, सगळ्यांचं बालपण वाहवत जाण्यात जातं.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर वनस्पती-प्लवकांतले बरेचसे जीव केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतात. तरीही पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून जेवढं सेंद्रिय अन्न तयार होतं, त्यातलं जवळपास निम्मं समुद्रात तयार होतं, आणि ते प्रामुख्याने हेच जीव करतात. उरलेलं निम्मं जमिनीवरची सगळी जंगलं, शेतं आणि कुरणं मिळून करतात.

माथेरानचा दगड, खाडीतली काच

वनस्पती-प्लवकांतला आपल्या कामाचा गट म्हणजे डायटम. एका पेशीचा जीव, पण राहतो काचेच्या घरात. आपल्या भोवती तो सिलिकाचं कवच बांधतो. दोन झाकणांची डबी असावी तसं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर या डब्यांवर इतकी रेखीव नक्षी असते की रांगोळीचा साचा वाटावा.

डायटमला जगायला काय लागतं? ऊन, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, फॉस्फरस आणि घर बांधायला सिलिका. हा सिलिका येतो कुठून? बराचसा दगडातून. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. त्या दगडात वजनाने साधारण निम्मा सिलिका असतो. पावसाने दगड झिजतो, त्यातला थोडा सिलिका पाण्यात विरघळतो आणि नदीतून खाडीत येतो. पनवेलची गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते. काळुंद्री आणि कासाडी याही याच खाडीकडे येतात. म्हणजे माथेरानच्या कड्याचा कण खाडीत डायटमचं घर होतो आणि तिथून जवळ्याच्या पोटात जातो. पुढचा प्रवास आपल्या ताटापर्यंत.

पण इथे एक अडचण आहे. पनवेलची खाडी गढूळ आहे. ती आज घाण झाली म्हणून तेवढी नाही, मुळातच गढूळ आहे. मुंबई परिसरात उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. दिवसातून दोनदा एवढं पाणी आत-बाहेर करतं, तेव्हा तळाचा गाळ कायम ढवळलेला राहतो. अशा पाण्यात ऊन फार खोल जात नाही. मग उन्हावर जगणारा डायटम वाढणार कुठे?

उत्तर आहे ओहोटीच्या चिखलावर. पाणी ओसरलं की चिखलपट्टा उघडा पडतो आणि त्यावर थेट ऊन येतं. चिखलात राहणारे डायटम सरकत वर येतात. हो, ते सरकू शकतात. चिकट स्राव सोडत कणाकणाने पुढे जातात. थोड्या वेळाने चिखलावर तपकिरी-सोनेरी झाक दिसायला लागते. ती झाक म्हणजे कोट्यवधी डायटम ऊन खात बसलेले. भरती यायच्या आधी ते पुन्हा चिखलात खाली उतरतात. त्यांच्या शरीरात भरती-ओहोटीचं जणू घड्याळच बसवलेलं असतं. प्रयोगशाळेत, जिथे भरती येत नाही, तिथेही ही वर-खाली हालचाल काही काळ त्याच वेळेवर चालू राहते.

सगळेच वेळेवर खाली जात नाहीत. भरतीचं पाणी आणि लाटा बऱ्याच डायटमना उचलून नेतात आणि ते पाण्यातल्या प्लवकांत मिसळतात. चिखलावर पिकलेलं पाण्यातल्या जीवांना मिळतं ते असं.

मधात पोहणारा जीव जेवतो कसा?

आता खाणाऱ्यांकडे येऊ. प्राणी-प्लवकांतला सगळ्यात महत्त्वाचा जीव म्हणजे कोपेपॉड. तांदळाच्या कणीएवढा किंवा त्याहून लहान, कोळंबीचा लांबचा नातेवाईक, डोक्यावर दोन लांब मिशा. समुद्रात डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा प्राण्यांत यांचीच गर्दी सगळ्यात जास्त असते.

एवढ्या लहान जीवासाठी पाणी आपल्याला वाटतं तसं पातळ नसतं. आपण हात मारला की पाणी बाजूला होतं आणि आपण थोडे पुढे घसरतो. कोपेपॉडच्या आकाराला पाणी घट्ट मधासारखं लागतं. हात मारायचं थांबवलं की तो जागीच थांबतो. अशा मधात तुम्हाला शेंगदाणा पकडायचा असेल तर काय होईल? हात पुढे नेला की मधाबरोबर शेंगदाणाही पुढे ढकलला जाईल.

बराच काळ असं मानलं जायचं की कोपेपॉड तोंडाजवळच्या केसाळ अवयवांची गाळणी करून पाणी गाळतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाय-स्पीड कॅमेऱ्याने चित्रण झालं तेव्हा वेगळंच दिसलं. तो गाळत नाही, वेचतो. अवयव हलवून पाण्याचा एक संथ झोत तोंडाकडे आणतो. त्या झोतातून येणाऱ्या डायटमचा वास आधी पोचतो. मग नेमक्या क्षणी तो अवयव उघडून पाण्याच्या थेंबासकट तो कण आत ओढतो. नको असलेला कण फेकूनही देतो. चव कळते त्याला.

एवढी चव कळणारा जीव प्लास्टिक खात नसेल असं वाटेल. पण प्रयोगात कोपेपॉड प्लास्टिकचे सूक्ष्म कण गिळताना दिसले आहेत आणि पाण्यात असे कण असताना त्यांनी वनस्पती-प्लवक कमी खाल्ले, असंही आढळलं आहे.

कोपेपॉडलाही खाणारे आहेत. बाणासारखे सरळ, पारदर्शक अळीवजा जीव झडप घालून त्यांना धरतात. लहान जेलीफिश धाग्यांत अडकवतात. मासळीची पिल्लं त्यांच्यावरच वाढतात. आणि आपला जवळा? तो काहीच सोडत नाही. डायटम खातो, कोपेपॉड खातो, आणि पाण्यात तरंगणारा कुजका पाला-गाळही खातो.

कुजलेलं पान म्हणजे मसाला पापड

हा कुजका पाला साधा नाही. खाडीकाठी तिवर, कांदळ, चिप्पी अशी झाडं आहेत. त्यांचं पान गळून चिखलात पडलं की ते लगेच कुणाच्या कामाचं नसतं. कडक, तुरट, पोषण कमी. काही खेकडे ते ओढून बिळात नेतात, फाडतात. मग बुरशी आणि जिवाणू त्याचा ताबा घेतात. पानाचे तुकडे होत जातात आणि प्रत्येक तुकड्यावर जिवाणूंचा थर चढतो.

असा तुकडा खाणाऱ्या जीवाला खरं पोषण बहुतेक वेळा पानातून कमी आणि त्यावरच्या थरातून जास्त मिळतं. मसाला पापडासारखं आहे हे. पापड हातात धरायला, चव वरच्या कांदा-टोमॅटोची. फरक इतकाच की इथे पापड पचत नाही, तो तसाच बाहेर पडतो. त्यावर पुन्हा जिवाणू बसतात आणि दुसरा कुणीतरी तो पुन्हा खातो. एकच तुकडा अनेकांच्या पोटातून फिरून येतो.

जिवाणूंचं आणखी एक काम आहे, आणि ते शास्त्रज्ञांच्याही उशिरा लक्षात आलं. प्लवक जगताना, मरताना, खाल्ले जाताना त्यांच्यातून बरंच सेंद्रिय द्रव्य पाण्यात विरघळून जातं. चहातली साखर जशी गाळणीने परत मिळत नाही, तसं हे द्रव्य कुठल्याही प्राण्याला वेचता येत नाही. जिवाणू ते शोषून घेतात. जिवाणूंना एकपेशीय जीव खातात, त्यांना कोपेपॉड खातो. वाया गेलेलं अन्न मागच्या दाराने पुन्हा पंगतीत येतं. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या साखळीला मायक्रोबियल लूप असं नाव दिलं.

निवटी, खेकडे आणि पायांनी जेवणारे

पाण्यातल्या जीवांचं झालं. चिखलावर राहणारेही काही कमी नाहीत.

निवटी सगळ्यांनी बघितलेली असते. चिखलावर उड्या मारणारा, डोक्यावर बटणासारखे डोळे असलेला मासा. कुणी निवटे म्हणतं. यांच्यात दोन तऱ्हा आहेत. काही जाती शिकारी, लहान खेकडे आणि किडे धरणाऱ्या. पण मुंबईच्या खाड्यांत आढळणारी निळसर ठिपक्यांची मोठी निवटी शाकाहाराकडे झुकलेली. ती डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे जाते. आपण फरशी पुसतो तसं. खालच्या जबड्याने चिखलावरचा डायटमचा थर खरवडून घेते. म्हणजे ताटात आलेली निवटी ही ओहोटीच्या चिखलावर चरून आलेली असते, गाय कुरणात चरते तशी.

एक नांगी भली मोठी आणि एक चिमुकली असलेला रंगीत खेकडा, फिडलर क्रॅब, लहान नांगीने चिखलाचा घास तोंडात टाकतो. तोंडातल्या ब्रशांनी डायटम आणि जिवाणू वेगळे करतो आणि उरलेल्या चिखलाची गोळी करून बाहेर ठेवतो. बिळाभोवती ज्वारीच्या दाण्यांसारख्या गोळ्या पसरलेल्या दिसतात, त्या या जेवणाच्या. मोठी नांगी जेवायच्या कामाची नाही. ती नराकडेच असते, मादीला बोलवायला आणि भांडायला. मादी दोन्ही हातांनी जेवते.

कालवं आणि तिसऱ्या एका जागी बसून पाणी ओढतात, कल्ल्यांवर कण गोळा करतात, हवे ते तोंडाकडे ढकलतात, नको ते चिकट गोळीत गुंडाळून टाकतात. होडीच्या तळाला आणि पुलाच्या खांबांना चिकटलेले धारदार पांढरे बार्नेकल मात्र शिंपल्यांचे भाऊबंद नाहीत, ते कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले. लहानपणी पोहतात, मग डोकं दगडाला चिकटवून कायमचे बसतात. भरती आली की झाकण उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढतात आणि पाण्यातले प्लवक पायांनीच आत ओढतात.

आणि फ्लेमिंगो. खाडीकाठच्या लोकांना हे गुलाबी पाहुणे परिचयाचे आहेत. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. यातला लहान रोहित चोच उलटी पाण्यात धरतो, जीभ पंपासारखी चालवतो आणि सूक्ष्म शेवाळं व डायटम गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंग त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यांतून येतो. पक्ष्यांचे फोटो लाखोंनी शेअर होतात. त्यांचं जेवण मात्र फोटोत येत नाही.

पहिला घास चुकला तर

या सगळ्यात सर्वात नाजूक क्षण असतो पिल्लांचा पहिला घास. माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी असते. आपल्याकडच्या उबदार पाण्यात ती थोडेच दिवस पुरते. ती संपायच्या आत त्याच्या तोंडात मावेल असा जीव, बहुतेकदा कोपेपॉडचं पिल्लू, त्याच्या समोर असायला हवा. नसेल तर पिल्लू उपाशी मरतं.

नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये हा मुद्दा मांडला. तिथल्या मच्छीमारांना काही वर्षं भरपूर मासळी मिळायची, काही वर्षं जाळी रिकामी यायची. यॉर्ट यांचं म्हणणं होतं की फरक किती अंडी घातली गेली यावर कमी आणि पिल्लांना वेळेवर खायला मिळालं का यावर जास्त अवलंबून असतो. शंभर वर्षांत या कल्पनेत बरीच भर आणि दुरुस्ती झाली. पिल्लांना खाणारे शत्रू आणि प्रवाह यांचाही वाटा मोठा असतो. पण मूळ मुद्दा टिकून आहे.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. खवळलेला समुद्र हे एक कारण, दुसरं म्हणजे हा अनेक जातींच्या प्रजननाचा काळ. पावसाळ्यात नद्या खाडीत पोषक द्रव्यं आणतात आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं थंड, पोषक पाणीही वर येतं. त्यामुळे प्लवक वाढतात. पिल्लांची पंगत आणि पिकाचा हंगाम जुळून येतो. कोळंबीच्या कितीतरी जाती समुद्रात अंडी घालतात, पण त्यांची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, इथल्या चिखलात आणि तिवरांच्या मुळांत खाऊन मोठी होतात आणि मग समुद्राकडे परत जातात. पनवेल-पेण पट्ट्यात भाव खाणारा जिताडा याच कोळंबीवर आणि लहान माशांवर पोसतो.

हजार किलोचा एक किलो

इथे एक हिशोब बघायला हवा. एक जीव दुसऱ्याला खातो तेव्हा खाल्लेल्यातलं बहुतेक जगण्यात, हलण्यात, श्वासात खर्च होतं. अंगी लागतं साधारण दहा टक्के. हा ढोबळ आकडा आहे, कमी-जास्त होतो. पण त्यावरून अंदाज येतो. हजार किलो डायटमवर शंभर किलो कोपेपॉड, त्यावर दहा किलो जवळा, त्यावर एक किलो बोंबील. जवळा थेट डायटमही खातो, त्यामुळे प्रत्यक्षात साखळी कधी आखूडही होते.

बोंबलाच्या एका किलोमागे असा शेकडो किलोंचा अदृश्य माल उभा असतो. चिखलपट्ट्यावर भराव पडला की एका वेळी हा माल कमी होतो. बाजारात त्याचा परिणाम लगेच, ठळक दिसत नाही. काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं, आता खाडीत पूर्वीसारखं काही मिळत नाही.

जास्त खायला मिळालं तर चांगलंच ना?

मुद्दा रास्त आहे. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर. म्हणजे खाडीला फुकट खत. मग प्लवक वाढतील, मासळी वाढेल?

थोड्या प्रमाणात तसं होतंही. ठाणे खाडीत फ्लेमिंगो वाढण्यामागे सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ हे एक कारण असावं, असं पक्षी-अभ्यासक मांडत आले आहेत. पण खत वाढतं तेव्हा सगळी पिकं सारखी वाढत नाहीत. डायटमला सिलिकाही लागतो आणि तो सांडपाण्यात त्या प्रमाणात नसतो. नायट्रोजन वाढला आणि सिलिका तेवढाच राहिला, की डायटमऐवजी दुसरे जीव बाजी मारतात. त्यातले काही कोपेपॉडला आवडत नाहीत, काही विषारी असतात.

आणि जे खाल्लं जात नाही ते मरून तळाला जातं. जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. सांडपाण्यातली घाण कुजवायलाही तोच ऑक्सिजन लागतो. एखाद्या पहाटे तो इतका खाली जातो की मासे तोंड वर काढून तडफडतात. मेलेल्या माशांचे फोटो व्हायरल होतात ते बहुधा त्याच दिवशी. कारखान्यांच्या सांडपाण्यात यापलीकडे रसायनं असतात, ती वेगळीच. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता. कासाडीचं पाणी शेवटी खाडीतच येतं.

जुहूच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे रील तुम्ही बघितले असतील. त्यामागे अनेकदा नॉक्टिल्युका नावाचा प्लवक असतो. हा एकपेशीय जीव फुग्यासारखा आणि खादाड. डायटम, कोपेपॉडची अंडी, जे मिळेल ते गिळतो. अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाची तर कमाल आहे. तो पोटात हिरवं शेवाळ जिवंत ठेवतो. ते शेवाळ आत बसून ऊन खातं आणि मालकाला जेवण देतं. शिकारही आणि घरची शेतीही. कोलंबिया विद्यापीठातले हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये मांडलं की अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम भरायचे, तिथे आता नॉक्टिल्युकाचे थर दिसतात आणि त्याचा संबंध कमी ऑक्सिजनचं पाणी पसरण्याशी आहे. कोपेपॉडसाठी नॉक्टिल्युका हा फार मोठा घास. त्याला खातात ते सॅल्प आणि जेलीसारखे जीव. जवळ्याची आणि बोंबलाची साखळी तिथे तुटते. निळी लाट दिसायला सुंदरच असते, पण ती दरवेळी निरोगी समुद्राची खूण नसते.

झाड नाही म्हणजे काही नाही?

गेल्या काही वर्षांत कांदळवनांबद्दल लोक बोलायला लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली कांदळवनं तोडायला बंदी घातली. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष जाहीर केला. झाड दिसतं, मोजता येतं, तोडलं की उपग्रहाच्या चित्रातही कळतं.

चिखलपट्ट्याचं तसं नाही. तो दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि उघडा पडतो तेव्हा रिकामा वाटतो. शास्त्रातही काही काळ असंच झालं. १९७० च्या सुमारास फ्लोरिडातल्या अभ्यासानंतर असं मानलं गेलं की खाडीतली मासळी मुख्यतः कांदळवनांच्या गळलेल्या पानांवर पोसते. नंतर शास्त्रज्ञांनी मांसातल्या कार्बनचा शिक्का तपासायला सुरुवात केली. तिवराच्या पानातल्या कार्बनची ठेवण वेगळी आणि चिखलावरच्या शेवाळाची वेगळी. जो जे खातो, त्याचा शिक्का त्याच्या अंगात उतरतो. जगभरातल्या अनेक खाड्यांत कोळंबी आणि मासळीत पानाचा शिक्का अपेक्षेपेक्षा फिका आणि सूक्ष्म शेवाळांचा बराच ठळक निघाला. तिवराचं महत्त्व याने कमी होत नाही. ते गाळ धरून ठेवतं, पिल्लांना लपायला जागा देतं, खेकड्यांना पान देतं. पण स्वयंपाकघराचा मोठा भाग शेजारच्या उघड्या चिखलात आहे.

कायद्याला हे माहीत आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत सर्वात संवेदनशील गटात कांदळवनांच्या जोडीने चिखलपट्टेही आहेत आणि त्यांच्यामागे एक विशेषण लावलंय, जैविकदृष्ट्या सक्रिय. आता ही सक्रियता म्हणजे काय, हे वर आलंच आहे.

दुसरीकडे, खाडीकाठ झपाट्याने बदलतोय. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, सखल जमिनीवर भराव घातला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. पूल, रस्ते, कंटेनर यार्ड, घरं, सगळ्यांना सपाट जागा हवी असते आणि खाडीकाठी सपाट जागा म्हटलं की बहुतेकदा चिखलच. भरावाने नुसता चिखल झाकला जात नाही. भरतीचं पाणी जिथून आत यायचं ती वाटही अरुंद होते. पाणी पोचलं नाही तर पलीकडचा, न बुजवलेला चिखलही सुकतो आणि त्यावरची पंगत उठते.

याची किंमत एकदा रुपयांत लावली गेली आहे. उरण आणि पनवेल तालुक्यातल्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदर-विस्तार आणि भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे दाद मागितली होती. भरतीच्या पाण्याची ये-जा अडली, कांदळवनं गेली, मासेमारीची जागा गेली, अशी त्यांची तक्रार होती. २७ फेब्रुवारी २०१५ च्या निकालात लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यात पनवेल तालुक्यातल्या गव्हाण कोळीवाड्यातली कुटुंबंही होती. भागाकार केला तर एका कुटुंबाच्या वाट्याला पावणेसहा लाखांच्या थोडं वर येतात.